सत्कार कुणाचा करायचा? गर्भपाताच्या प्रश्नावरून अमेरिकन कॅथलिक समाजात पडलेले दोन तट

सप्टेंबर 2025 मध्ये शिकागोत एका पुरस्कारावरून मोठा वाद पेटला. शिकागोचे आर्चबिशप कार्डिनल ब्लेझ सूपिच यांनी सिनेटर डिक डर्बिन यांना जीवनगौरव पुरस्कार द्यायचे ठरवले होते. स्थलांतरितांसाठी डर्बिन यांनी अनेक वर्षे केलेल्या कामाची ही दखल होती. नोव्हेंबरमध्ये कार्यक्रम होता आणि त्यातून स्थलांतरितांच्या मदतीसाठी निधी जमणार होता. पण डर्बिन हे गर्भपाताच्या हक्काचे समर्थक आहेत. त्यामुळे इलिनॉय राज्यातल्याच स्प्रिंगफील्डचे बिशप थॉमस पाप्रोकी यांनी या सत्काराला जाहीर विरोध केला. बघता बघता इतर बिशपही त्यांच्या बाजूने बोलू लागले. 30 सप्टेंबरला पत्रकारांनी थेट पोप लिओ चौदावे यांनाच याबद्दल विचारले. त्याच दिवशी डर्बिन यांनी पुरस्कार स्वीकारत नसल्याचे कळवले आणि कार्यक्रमातला तो भाग रद्द झाला.

यात आपल्याला काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. पण डर्बिन हे नाव अमेरिकेतल्या मुस्लिमांसाठी अनोळखी नाही. मार्च 2011 मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहात पीटर किंग या खासदाराने मुस्लिम समाजातल्या कट्टरतेवर सुनावणी घेतली. सगळी कौमच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केल्यासारखे वातावरण झाले होते. त्याच महिन्यात, 29 मार्चला, डर्बिन यांनी सिनेटमध्ये दुसरी सुनावणी बोलावली. तिचा विषय होता अमेरिकन मुस्लिमांचे नागरी हक्क. या सुनावणीत कॅथलिक चर्चच्या एका कार्डिनलनेही मुस्लिमांच्या बाजूने साक्ष दिली. पुढे 2017 मध्ये ट्रम्प सरकारने काही मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांवर प्रवेशबंदी घातली, तेव्हा तिच्यावर कडाडून टीका करणाऱ्यांत हेच कार्डिनल सूपिच होते.

म्हणजे पेच असा आहे. एक माणूस गरिबांसाठी, परदेशातून आलेल्यांसाठी, अल्पसंख्याकांसाठी वर्षानुवर्षे उभा राहतो. तोच माणूस दुसऱ्या एका प्रश्नावर आपल्या धर्माच्या मूलभूत शिकवणीविरुद्ध मत देतो. त्याच्याशी धर्मसंस्थेने कसे वागायचे? जवळ करायचे, दूर ठेवायचे, की दोन्हीच्या मधला काही रस्ता काढायचा?

मतभेद कशावर आहे आणि कशावर नाही

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. गर्भपात चूक की बरोबर, यावर या बिशपांमध्ये वाद नाही. सूपिच आणि पाप्रोकी दोघेही गर्भपाताला गंभीर पाप मानतात. कॅथलिक शिकवणीनुसार गर्भधारणेच्या क्षणापासून त्या जीवाचे रक्षण झाले पाहिजे. आपल्याकडे फुकहांनी 120 दिवसांच्या संदर्भात बरीच चर्चा केली आहे आणि त्याआधीच्या काळाबद्दल मसलकांमध्ये मतभेदही आहेत. कॅथलिक शिकवणीत अशी मुदतच नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची भूमिका इतकी ताठर का, ते कळते.

भारतात हा प्रश्न निवडणुकीचा मुद्दा कधी झाला नाही. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा 1971 मध्ये आला. 2021 च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा 24 आठवड्यांपर्यंत वाढली. त्यावर कुणी मते मागितली नाहीत. अमेरिकेत मात्र 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' खटल्यात गर्भपाताला घटनात्मक हक्क ठरवले आणि तेव्हापासून तिथले राजकारण या प्रश्नाने चिरले गेले. डेमोक्रॅटिक पक्ष हक्काच्या बाजूला गेला, रिपब्लिकन पक्ष विरोधात. 24 जून 2022 रोजी न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि निर्णय राज्यांवर सोडला. तरी वाद मिटला नाही. उलट प्रत्येक राज्यात नव्याने सुरू झाला.

त्यात आणखी एक अडचण आहे. सर्वेक्षणे सांगतात की अमेरिकेतल्या दर दहा कॅथलिकांपैकी सुमारे सहा जणांना गर्भपात सर्व किंवा बहुतेक परिस्थितीत कायदेशीर असावा असे वाटते. म्हणजे प्रश्न फक्त नेत्यांचा नाही. चर्चमध्ये दर रविवारी समोर बसणाऱ्यांमध्येही हेच मत असणारे पुष्कळ आहेत.

वेदी, व्यासपीठ आणि बैठक

या वादात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. ते सुटे करून पाहिले तर बराच गोंधळ कमी होतो.

पहिला प्रश्न वेदीचा. कॅथलिक उपासनेला वसईतली आपली ख्रिस्ती शेजारी मंडळी 'मिस्सा' म्हणतात. त्यात मिळणारा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे कम्युनियन, हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा आहे. त्यांच्या दृष्टीने तो साक्षात येशूचा देह असतो. चर्चच्या कायद्यातले कलम 915 सांगते की उघडपणे आणि हट्टाने गंभीर पापात राहणाऱ्याला तो देऊ नये. मग गर्भपाताच्या बाजूने मत देणारा लोकप्रतिनिधी या कलमात बसतो का?

दुसरा प्रश्न व्यासपीठाचा. अशा नेत्याला पदवी, पदक किंवा पुरस्कार द्यावा का?

तिसरा प्रश्न बैठकीचा. त्याच्याशी बोलावे का, इतर कामांत त्याची साथ घ्यावी का?

जून 2004 मध्ये अमेरिकन बिशपांच्या परिषदेने एक निवेदन काढले. त्या वर्षी जॉन केरी हे कॅथलिक नेते डेमोक्रॅटिक पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते आणि सेंट लुईसचे आर्चबिशप रेमंड बर्क यांनी त्यांना आपण कम्युनियन देणार नाही असे सांगितले होते. निवेदनात पहिला प्रश्न प्रत्येक बिशपाच्या विवेकावर सोडला गेला. दुसऱ्या प्रश्नावर मात्र भाषा कडक होती. चर्चच्या मूलभूत नैतिक तत्त्वांविरुद्ध वागणाऱ्यांना त्यांच्या कृतीचे समर्थन वाटेल असे सन्मान किंवा व्यासपीठ कॅथलिक संस्थांनी देऊ नये, असे त्यात म्हटले होते. पाप्रोकी यांनी 2025 मध्ये याच निवेदनाचा आधार घेतला.

जुना इतिहास

हा वाद आजचा नाही. 1960 मध्ये जॉन केनेडी निवडणूक लढवत होते, तेव्हा प्रॉटेस्टंट लोकांना भीती होती की कॅथलिक माणूस राष्ट्राध्यक्ष झाला तर तो पोपच्या हुकमाने चालेल. 12 सप्टेंबर 1960 रोजी ह्यूस्टनमध्ये प्रॉटेस्टंट धर्मगुरूंसमोर उभे राहून केनेडींनी सांगितले की सार्वजनिक प्रश्नांवर चर्च आपल्या वतीने बोलत नाही. एका अल्पसंख्याक समाजाच्या माणसाला आपली देशनिष्ठा अशी सिद्ध करून दाखवावी लागली. हे वाचताना आपल्यालाही काही आठवल्याशिवाय राहत नाही.

चोवीस वर्षांनी काटा उलटा फिरला. 1984 मध्ये जेराल्डिन फेरारो उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या. त्या कॅथलिक होत्या आणि गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या होत्या. आता तक्रार अशी होती की या चर्चचे पुरेसे ऐकत नाहीत. न्यूयॉर्कचे आर्चबिशप जॉन ओकॉनर यांनी त्यांच्यावर उघड टीका केली. त्याच सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात गाजलेले भाषण केले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता: मी स्वतः गर्भपात चूक मानतो, पण अनेक धर्मांच्या देशात माझी श्रद्धा कायद्याने सर्वांवर लादणे शहाणपणाचे नाही. पुढची चाळीस वर्षे बहुतेक कॅथलिक डेमोक्रॅट नेते याच वाक्याच्या आडोशाने उभे आहेत. विरोधकांचा सवालही तेवढाच जुना आहे. जर तो जीव आहे असे तुम्ही मानता, तर त्याचे रक्षण ही खासगी श्रद्धा कशी?

याच सुमारास तिसरा आवाज शिकागोतून आला. तिथले तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी डिसेंबर 1983 मध्ये मांडले की गर्भपात, अण्वस्त्रे, फाशी, गरिबी हे सगळे प्रश्न एकाच धाग्यात ओवलेले आहेत आणि जिवाचा आदर सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. ज्या खुर्चीवर तेव्हा बर्नार्डिन होते, तिथेच आज सूपिच आहेत. आणि पोप लिओ यांचा जन्मही शिकागोतलाच.

नोत्र दामपासून पेलोसींपर्यंत

17 मे 2009 रोजी नोत्र दाम विद्यापीठाने बराक ओबामा यांना पदवीदान समारंभासाठी बोलावले आणि मानद पदवी दिली. ऐंशीच्या आसपास बिशपांनी नापसंती व्यक्त केली. स्थानिक बिशप जॉन डार्सी समारंभाला आलेच नाहीत. हार्वर्डच्या प्राध्यापिका मेरी अ‍ॅन ग्लेंडन यांना त्याच समारंभात विद्यापीठाचे मानाचे लेतारे पदक मिळणार होते. त्यांनी ते नाकारले. आवारात शिरून निदर्शने करणाऱ्या अनेकांना अटक झाली. आत मात्र ओबामांनी वादाला बगल दिली नाही. नको असलेली गर्भधारणा कमी व्हावी, दत्तक घेणे सोपे व्हावे, गर्भवती स्त्रियांना आधार मिळावा, एवढ्यावर तरी आपण एकत्र येऊ शकतो असे ते म्हणाले.

2016 मध्ये याच विद्यापीठाने शहाणपणा केला की चतुराई, हे ज्याने त्याने ठरवावे. लेतारे पदक डेमोक्रॅट जो बायडन आणि रिपब्लिकन जॉन बेनर या दोन कॅथलिक नेत्यांना मिळून दिले. तरीही स्थानिक बिशपांनी आक्षेप घेतलाच.

बायडन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर वाद वेदीपर्यंत पोचला. जून 2021 मध्ये बिशपांनी 168 विरुद्ध 55 मतांनी कम्युनियनवर दस्तऐवज तयार करायचे ठरवले. बायडन यांना रोखण्याची ही तयारी आहे, असाच त्याचा अर्थ लावला गेला. व्हॅटिकनने आधीच सबुरीचा सल्ला दिला होता. सप्टेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी विमानात पत्रकारांना सांगितले की आपण कधीही कुणाला कम्युनियन नाकारलेले नाही, आणि त्याच दमात गर्भपात म्हणजे हत्या आहे असेही ते म्हणाले. बिशपांनी राजकारणी न बनता मेंढपाळ व्हावे, हा त्यांचा रोख होता. नोव्हेंबरमध्ये तो दस्तऐवज 222 विरुद्ध 8 मतांनी मंजूर झाला. त्यात बायडन यांचे नावही नव्हते.

20 मे 2022 रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप साल्वातोर कॉर्डिलिओनी यांनी नॅन्सी पेलोसी यांना आपल्या धर्मप्रांतात कम्युनियन बंद केले. वॉशिंग्टनमध्ये मात्र अशी बंदी नव्हती. महिनाभराने, 29 जूनला, पेलोसी रोममध्ये होत्या. सेंट पीटर बॅसिलिकात पोपच्या उपस्थितीत मिस्सा झाला आणि तिथे त्यांनी कम्युनियन घेतले. सामान्य कॅथलिकाने यातून काय समजायचे? एकाच श्रद्धेची एकच स्त्री, एका शहरात अपात्र आणि पोपच्या दारात पात्र.

या सगळ्यात एक गोष्ट नजरेतून सुटू नये. ज्यांच्या पोटात गर्भ वाढतो त्या स्त्रिया या चर्चेत फारच कमी दिसतात. फेरारो, ग्लेंडन, पाच मुलांची आई असलेल्या पेलोसी, अशी मोजकी नावे सोडली तर निर्णय देणारे सगळे पुरुषच. पैसे नाहीत, नवरा सोडून गेलाय, नोकरी जाईल अशी भीती आहे, अशा बाईला धीर द्यायला कोण गेले, हा प्रश्न पुरस्काराच्या वादात हरवून जातो.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

पाप्रोकी यांच्या बाजूचे म्हणणे हलके समजू नये. डर्बिन स्प्रिंगफील्डचे. तिथे त्यांना 2004 पासून कम्युनियन मिळत नाही आणि 2018 मध्ये पाप्रोकी यांनी ती भूमिका पुन्हा पक्की केली. आपल्याच राज्यातल्या एका धर्मप्रांतात जो वेदीपाशी येऊ शकत नाही, त्याला शेजारच्या धर्मप्रांताने हार घालायचा, याने लोक गोंधळतील असे ते म्हणतात. पुरस्कार स्थलांतरितांच्या कामासाठी आहे असे सांगितले तरी हार घातला जातो तो पूर्ण माणसाला. शिवाय त्यांच्या मते सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत. किती स्थलांतरितांना प्रवेश द्यायचा यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात, निष्पाप जीव घेण्यावर नाही.

सूपिच यांचे म्हणणे वेगळे. आज अमेरिकेत कॅथलिक शिकवण पूर्णपणे मानणारा एकही पक्ष नाही. एक पक्ष गर्भाच्या बाजूने बोलतो आणि स्थलांतरितांना हुसकावतो, दुसरा नेमका उलटा. अशा वेळी प्रत्येक नेत्याला पूर्ण नाकारत गेलो तर बोलायला कुणीच उरणार नाही. जिथे चांगले काम झाले तिथे शाबासकी दिली, तर बाकीच्या मुद्द्यांवर बोलण्याचा दरवाजा उघडा राहतो.

वेळही साधी नव्हती. सप्टेंबर 2025 च्या सुरुवातीलाच शिकागोत केंद्र सरकारच्या स्थलांतर खात्याने धरपकडीची मोहीम सुरू केली होती. तिथल्या चर्चमध्ये येणारी अनेक कुटुंबे भीतीच्या सावटाखाली होती. अशा कुटुंबांसाठी डर्बिन हे 2001 मध्ये ड्रीम कायद्याचा प्रस्ताव आणणारे नेते होते. लहानपणी आईबापांसोबत आलेल्या मुलांना देशात राहता यावे, यासाठीचा तो प्रस्ताव.

आणि पोप काय म्हणाले? त्यांनी आधी कबूल केले की या प्रकरणाचा सगळा तपशील आपल्याला माहीत नाही. मग ते म्हणाले की सिनेटरच्या चाळीस वर्षांच्या एकूण कामाकडे पाहायला हवे. गर्भपाताला विरोध करायचा पण फाशीला पाठिंबा द्यायचा, हे खरे जीवनरक्षण नव्हे. आणि गर्भपाताला विरोध करून स्थलांतरितांच्या अमानुष वागणुकीला मान्यता देणारा खरोखर जीवनवादी म्हणावा का, हेही आपल्याला कळत नाही, असे ते म्हणाले. पुरस्कार द्या किंवा देऊ नका, असे त्यांनी सांगितले नाही. सगळ्यांनी एकमेकांचा आदर राखून एकत्र विचार करावा, एवढेच म्हणाले. व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या, ज्या स्वतः कॅथलिक आहेत, त्यांनी दुसऱ्या दिवशी अमानुष वागणुकीचा आरोप फेटाळला.

फूटपट्टी एकच हवी

आमच्या मते पोपच्या बोलण्यातला खरा मुद्दा फूटपट्टीचा आहे. त्यासाठी एक उदाहरण पाहा. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात बदल करून फाशी कुठल्याही परिस्थितीत अमान्य ठरवली. जुलै 2020 मध्ये अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल विल्यम बार, जे कॅथलिक आहेत, त्यांच्या खात्याने सतरा वर्षांनी केंद्र सरकारच्या फाशीच्या शिक्षा पुन्हा अमलात आणायला सुरुवात केली. जानेवारी 2021 पर्यंत तेरा जणांना मृत्युदंड दिला गेला. आणि सप्टेंबर 2020 मध्ये, म्हणजे हे चालू असतानाच, राष्ट्रीय कॅथलिक प्रार्थना न्याहारी या कार्यक्रमात बार यांना पुरस्कार मिळाला. हा कार्यक्रम एखाद्या धर्मप्रांताचा नसतो, लोकांनी चालवलेला असतो, हा फरक मान्य. काही कॅथलिकांनी विरोधही केला. पण डर्बिन प्रकरणात जेवढे बिशप पुढे आले तेवढे तेव्हा दिसले नाहीत.

इथे कुणी म्हणेल, फाशी झालेले गुन्हेगार होते आणि गर्भ निष्पाप असतो. हा फरक खरा आहे आणि चर्चही तो मानते. पण चर्चने एकदा दोन्हीला मनाई केली, की सत्काराच्या वेळी एकाच पक्षाच्या नेत्याचा दोष दिसणे बरे नाही. मग लोक म्हणतात, हे धर्माचे नाही, पक्षाचे बोलणे आहे. आणि एकदा असे वाटले की गर्भाच्या बाजूने केलेला प्रामाणिक युक्तिवादही कुणी ऐकत नाही. नुकसान शेवटी त्याच मुद्द्याचे होते, ज्यासाठी एवढा आटापिटा केला.

ही फूटपट्टी सूपिच यांनाही लावली पाहिजे. उद्या एखादा नेता गर्भवती स्त्रियांसाठी मोठे काम करतो पण स्थलांतरितांना हाकलायला निघतो. त्याचा सत्कार शिकागोत होईल का? 'एकूण काम पाहा' हा नियम आपल्या आवडत्या नेत्यापुरता ठेवला तर तोही नियम राहत नाही.

म्हणून वर केलेली वाटणी कामाची आहे. वेदीचा प्रश्न धर्मगुरू आणि त्या माणसाच्या ईमानाचा आहे. तो वर्तमानपत्रातून सुटत नाही. व्यासपीठाच्या बाबतीत हात आखडता घेतला तरी चालतो. पुरस्कार हा कुणाचा हक्क नसतो आणि तो न देणे म्हणजे अपमानही नव्हे. पण बैठक कधीच बंद करू नये. जो तुमच्याशी एका प्रश्नावर सहमत आणि दुसऱ्यावर असहमत आहे, त्याच्याशी बोलणे सोडले तर पहिल्या प्रश्नावरचे कामही बंद पडते.

आपल्याकडेही शाळेच्या स्नेहसंमेलनाला, सीरतच्या जलशाला कुणा आमदाराला बोलवायचे की नाही यावरून कमिटीत दोन तट पडतातच. तेव्हाही भांडण बहुतेक वेळा खुर्ची आणि हार यांवर होते, त्या नेत्याला काय विचारायचे यावर क्वचितच.

शिकागोच्या गोष्टीचा शेवट मात्र विचार करायला लावणारा आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेतले बिशप बाल्टिमोरमध्ये जमले. सरसकट हद्दपारीच्या विरोधात आणि स्थलांतरितांच्या माणूसपणाच्या बाजूने त्यांनी एक विशेष निवेदन मांडले. ते 216 विरुद्ध 5 मतांनी मंजूर झाले. ज्या कामासाठी डर्बिन यांना पुरस्कार मिळणार होता, त्या कामावर जवळपास सगळे एकत्र आले. हार कुणाच्या गळ्यात घालायचा यावर जे फुटले होते, ते घाबरलेल्या माणसांच्या दारात उभे राहायची वेळ आली तेव्हा एका बाजूला दिसले.